भोंग्याचं हसू

"इथे सोनं लाव," दिग्दर्शक म्हणाला आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारून उठला.

तिने कळ दाबली नाही. पडद्यावर कार्यक्रमाचा विनोदवीर उस्ताद मध्येच थांबलेला होता: दाढी करायचं यंत्र गळ्याला टेकवलेलं, डोळे वटारलेले, तोंड उघडं. या आठवड्याच्या भागात तो घशाचं ऑपरेशन झालेला सासरा झाला होता. सासरा गळ्याला बोलायचं यंत्र लावून घर्रघर्र आवाजात दिवसभर सुनेला उपदेश करतो. सून वैतागते, त्या यंत्रातले सेल काढते आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालते. मग उस्ताद नुसतेच ओठ हलवत, हातवारे करत मंचभर नाचतो. त्या नाचाखाली हसू हवं होतं.

स्टुडिओत तिला सगळे हशाबाई म्हणत. काम तेच होतं. सभागृहातले प्रेक्षक फुकट गारव्याला आलेले असत. उशिरा हसत, मध्येच खोकत, कधी मख्ख बसत. त्यांच्या हसण्यात जिथे खड्डा पडेल तिथे ती साठ्यातलं हसू भरायची. खुदखुदणारं, टाळ्यांसकट, बायकांचं, पोरांचं, सगळ्या प्रकारचं हसू तिच्याकडे होतं. आणि त्या सगळ्यांच्या वर सोनं. सोनं म्हणजे एकाच माणसाचं हसू. आधी नाकातून एक फुसकारा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पोटातून असा गडगडाट की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडलीच पाहिजे. कितीही फुसका विनोद असो, खाली सोनं घातलं की तरून जायचा.

"इथे नाही लागणार," ती म्हणाली.

"का? जागा कमी पडते?"

"जागा पुष्कळ आहे. माझे वडील असेच बोलतात."

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. गेल्या वर्षी तिने रजा घेतली होती, वडिलांच्या घशाचं काहीतरी होतं, एवढं त्याला आठवत होतं. त्या घशातलं स्वरयंत्रच काढून टाकलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"अगं, आधी बोलायचंस ना. पण हे काही तुझ्या वडिलांवर नाहीये."

"मग कोणावर आहे?"

तेवढ्यात उस्तादच चहाचा कप घेऊन आत आला. माणूस दिलदार होता. स्टुडिओतल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना नावाने हाक मारायचा आणि कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला मदतीला धावायचा. म्हणून तर त्याच्यावर चिडणं अवघड जायचं.

"हे बघ," सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "विनोद कुणाला ना कुणाला लागणारच. मी माझ्या टकलावर करतो, बायकोच्या घोरण्यावर करतो. माझा बाप दारू पिऊन गटारात पडायचा, त्यावर मी भाग केलेत. तेव्हा हसू तूच लावलंस ना?"

"लावलं."

"मग? माझा बाप गटारात पडला तर गंमत, आणि तुझ्या बापाचा विषय निघाला की लगेच सभ्यता? असं कसं चालेल, हशाबाई?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही ज्याला सोनं म्हणता ना, ते हसू माझ्या वडिलांचं आहे," ती म्हणाली. "तो माणूस आता हसूच शकत नाही. आवाज नाही त्याला. आणि त्याच्यावरच्या विनोदाला त्यालाच हसवायला सांगताय तुम्ही मला?"

उस्तादाने मान हलवली.

"मग तर झालंच की! स्वतःवर हसणाऱ्याइतका मोठा माणूस नाही."

"ते हसत नाहीयेत. तुम्ही हसवताय."

"भाग उद्या दुपारी जायचा आहे," दिग्दर्शक मध्ये पडला. त्याला वाद नको होता, भाग हवा होता. "तुला जड जात असेल तर राहू दे. सहायक लावेल. फाइल सगळ्यांकडेच आहे."

हे मात्र खरं होतं. ती फाइल तिनेच सगळ्यांना दिली होती, हौसेने.

घरी आली तेव्हा अण्णा खिडकीशी बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत होते आणि पांढऱ्याची पंचाईत झालेली दिसत होती. गळ्याशी पातळ सुती फडकं बांधलेलं, श्वास घ्यायच्या भोकावर. यंत्र हाताशी, चष्म्याच्या घराशेजारी.

अण्णांनी जन्म छापखान्यात काढला होता. यंत्रांच्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून तिथली माणसं बोलायची मोठ्याने आणि हसायची त्याहून मोठ्याने. जीभ तिखट. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवलेलं, आणि तेही मागे नव्हे, तोंडावर. पलीकडच्या गल्लीतले शिंपीकाका लहानपणापासून अडखळत बोलायचे, तर त्यांना 'एक्स्प्रेस'. शिंपीकाकांनी त्याचा सूड म्हणून यांना 'भोंगा' केलं. दोघं रोज संध्याकाळी या पटाशी बसायचे आणि एकमेकांची अशी काही सालटी काढायचे की नवख्या माणसाला वाटावं, आता हाणामारी होणार.

तिने चपलाही काढल्या नाहीत. सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"आणि परक्यांना तरी काय बोलायचं?" ती शेवटी म्हणाली. "ज्याला घरचा म्हणत होतो त्याने काय केलं? शिंपीकाका तुम्हाला दवाखान्यात पोचवायला आले, हात धरून बसले. गळ्याला भोक पडलं आणि संपली मैत्री! वर्षभरात फिरकले नाहीत. माणसं अशीच, अण्णा. चांगल्या आवाजाचे सगळे सोबती."

अण्णांनी हात पुढे केला. बघू दे, अशी खूण केली. तिला दाखवायचं नव्हतं, पण त्यांचा हात मागे जाईना. तिने फोनवर तो तुकडा लावून दिला.

त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग यंत्र उचलून गळ्याला लावलं. त्या यंत्राला राग कळत नाही की माया कळत नाही; सगळी वाक्यं एकाच सुरात बाहेर पडतात.

"यंत्र बाजूला धरतात. मधोमध नाही."

"तुम्हाला तेवढंच दिसलं?"

"सेल काढायची कल्पना बरी आहे."

"अण्णा!"

"बरीला बरी म्हणायचं. नाच मात्र भिकार आहे."

ती तणतणत उठली. "मग लावू का तुमचं हसू? लावते! उद्या सगळ्यांसमोर हसा स्वतःवर!"

अण्णांनी घोडा उचलला, कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा तसाच हातात धरला.

"मला विचारून लावतेस का कधी?"

तिने फोन पालथा ठेवला.

"दर आठवड्याला मी हसतो. टीव्हीत. कशाला हसतोय ते मलाच नंतर कळतं." त्यांनी यंत्र खाली घेतलं, श्वास घेतला, पुन्हा लावलं. "शिंप्याला बोल लावू नको. नवरदेवाचा भाग आठवतो?"

आधी नाही आठवला. मग आठवला. अडखळणारा नवरदेव, बोहल्यावर उभा. त्याच्या तोंडून 'हो' निघेपर्यंत नवरी कंटाळून दुसऱ्याच्या गळ्यात हार घालते. तो भाग तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात मांडीवर संगणक ठेवून भरला होता. हेडफोन घरी राहिला होता. पण सवयीच्या माणसाला ऐकावं लागत नाही. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसतात. जिथे रेघ उंच जाऊन एकदम पडते तिथे विनोद झाला, पुढे जागा मोकळी, तिथे हसू. तिने एक शब्द न ऐकता भाग भरला होता आणि घाईघाईत सगळीकडे सोनंच टाकलं होतं. आत अण्णा भुलीतून बाहेर येत होते.

"वॉर्डात टीव्ही होता," अण्णा म्हणाले. "मला पहिल्यांदा उठवून बसवलं होतं. गळ्यात नळी. आणि समोर मी हसतोय. तोतऱ्या नवरदेवाला. शिंपी दर आठवड्याला तो कार्यक्रम बघायचा. तुझं नाव शेवटी येतं म्हणून."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कशाने सांगू?"

यंत्र नंतर आलं होतं, आणि हे पाटीवर लिहून दाखवण्यासारखं नव्हतं. तिने ओठ चावला.

"आणि काकांना? त्यांना तरी?"

"फोन केला होता. त्याला सुरू व्हायला वेळ लागतो, मला यंत्र लावायला. दोघंही थांबलो. मग त्याने ठेवून दिला." अण्णांनी घोडा कडेला, मेलेल्या मोहऱ्यांत ठेवला. "दुकानापर्यंत गेलो एकदा. गिऱ्हाईक होतं. खिशातून यंत्र काढायची लाज वाटली."

ज्या माणसाला उभ्या जन्मात कशाची लाज वाटली नाही, तो हे सांगत होता. तिने चपला काढल्या आणि आत जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिली.

सकाळी ती आधी शिंपीकाकांच्या दुकानात गेली. काका फळीवर कापड अंथरून खडूने रेघ मारत होते. तिला पाहिलं, रेघ पुरी केली, कात्री घेतली. बस म्हणाले नाहीत.

"काका, ते हसू अण्णांनी नव्हतं हसलेलं," तिने उभ्याउभ्याच सुरुवात केली. "म्हणजे त्यांचंच, पण जुनं. मी लावलं होतं. अण्णा तेव्हा दवाखान्यात होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं."

काकांनी कात्री खाली ठेवली. मग ते बोलले. ते बोलणं अक्षरं तोडून तोडून जसंच्या तसं इथे लिहून दाखवायचं काही कारण नाही. तो धंदा उस्तादाचा. वेळ लागला, एवढं समजलं की पुरे.

"मी काय खुळा आहे? त्याला दवाखान्यात मीच घेऊन गेलो. तो तिथून उठून टीव्हीत हसायला कसा जाईल?"

"मग?"

"ते हसू माझं होतं."

तिला कळलं नाही. काकांना ते दिसलं, आणि त्यांनी सांगायला घेतलं. ती नुकतीच या कामाला लागली होती तेव्हाची गोष्ट. हसू गोळा करायचं म्हणून तिने गल्लीतल्या माणसांना स्टुडिओत नेलं होतं. माइक चालू केला आणि सांगितलं, कुणीतरी विनोद सांगा, बाकीच्यांनी मध्ये अजिबात बोलायचं नाही, रेकॉर्डिंग खराब होतं. कुणी पुढे होईना. तेव्हा काका उठले.

"माणसं मला वाक्य पुरं करू देत नाहीत," काका म्हणाले. "मी अडलो की पुढचा शब्द तीच सांगून टाकतात. दया म्हणून. अख्ख्या आयुष्यात मी एकही विनोद शेवटपर्यंत नेला नव्हता. त्या दिवशी माइकच्या धाकाने सगळे गप्प बसले. मी सांगितला. पुरा सांगितला. शेवटचा शब्द माझा मी म्हटला. आणि तुझा बाप हसला."

आधी फुसकारा, मग क्षणभर काहीच नाही, मग गडगडाट. तिला त्यातला प्रत्येक श्वास पाठ होता. त्याच्या आधी काय होतं ते आठवत नव्हतं. तिनेच कापलं होतं. हसू तेवढं ठेवून आधीचा भाग फेकून दिला होता, कारण बोलणं संथ होतं आणि उपयोगाचं नव्हतं.

"माझ्या विनोदाचं हसू तोडून तू ते माझ्यावरच हसायला लावलंस," काका म्हणाले.

"काका, मी ऐकलंच नव्हतं. नुसत्या रेघा बघून..."

"तेच तर."

"पण मग अण्णांवर का राग काढलात? ते रोज पट मांडतात. एकटे."

काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"भोंग्यावर माझा राग नाही. त्याच्या घरात तू असतेस."

वर्षभर ती ज्याच्या नावाने बोटं मोडत होती, तो माणूस वर्षभर तिच्यामुळे घराबाहेर राहिला होता. माफ करा, हे शब्द तोंडाशी आले, पण ते उच्चारायचीही तिला शरम वाटली.

"कोणता विनोद होता तो, काका?"

"तो तुला नाही सांगणार," काका म्हणाले आणि त्यांनी कापडात कात्री घातली.

स्टुडिओत पोचल्यावर ती कुणाशी बोलली नाही. तिने साठा उघडला आणि सोनं काढून टाकलं; आधी आपल्या यंत्रावरून, मग सहायकाच्या, मग मुख्य साठ्यातून. दिग्दर्शक आला तेव्हा पडद्यावर सासरा नाचत होता आणि त्याच्याखाली काही नव्हतं.

"हसू कुठेय?"

"नाही."

"नाही म्हणजे? ती कंपनीची मालमत्ता आहे! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आज आहे."

आरडाओरडा ऐकून उस्ताद आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. सासऱ्याचे ओठ हलत होते, हात हलत होते. सभागृहात कुणीतरी खोकलं, तेवढं स्पष्ट ऐकू आलं. उस्तादाने हाताची घडी घातली.

"एवढं लागलं तुला?" तो हळू म्हणाला. "अगं, मग विनोद करायचाच नाही का कुणावर?"

"करा ना! कोण नको म्हणतंय? माझ्या बापावर करा, माझ्यावर करा. माझा बाप काल म्हणाला, सेलाची कल्पना बरी आहे आणि नाच भिकार आहे." तिचा आवाज चढला, आणि चढू दिला तिने. "पण हसू तुमचं तुम्ही मिळवा, उस्ताद. जे तुम्ही लुटत होतात ते एका शिंप्याने मिळवलं होतं. एक विनोद सांगून. तुमच्या नवरदेवासारखाच बोलतो तो. चोरून मी दिलं तुम्हाला, ते माझं पाप. आता नाही देणार."

सासरा नाचून दमला आणि बाजूला झाला.

"नाच भिकार आहे म्हणाले?" उस्तादाने विचारलं.

"हो."

तो निघून गेला. दिग्दर्शकाने सहायकाला बोलावलं आणि दुसरं कुठलंसं हसू भरायला सांगितलं, टाळ्यांसकटचं, पातळ. भाग वेळेवर गेला. तिला मात्र तो एवढंच म्हणाला, "सोमवारी बोलू आपण." सोमवारी काय बोलणं होतं, ते स्टुडिओत सगळ्यांना माहीत असे. तिने आपला कप धुऊन पिशवीत टाकला.

संध्याकाळी दार वाजलं. अण्णांनी उठून उघडलं. दारात शिंपीकाका उभे होते, मानेभोवती मापाची फीत तशीच. अण्णा यंत्र आणायला घाईने वळले, तर काकांनी त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसले. ती आत जायला उठली. या खोलीत थांबायचं तोंड तिला नव्हतं.

"बस," काका म्हणाले.

ती बसली. काकांनी अण्णांच्या गळ्याचं फडकं पाहिलं. यंत्र उचलून उलटंसुलटं करून पाहिलं, परत ठेवलं. मग बोलायला लागले.

"इतकी वर्षं लोक म्हणायचे, जोडी बघा... एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला... थांबता येत नाही." ते अडले. गळ्याच्या शिरा ताणल्या. "आता बघ, भोंग्या. आपल्या दोघांत... धड बोलणारा..."

पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर येऊन अडकला. तिला तो शब्द दिसत होता. तिच्या जिभेवर आला होता. तिने दात घट्ट मिटले. अण्णा जराही हलले नाहीत. प्याद्यावरची नजरसुद्धा त्यांनी उचलली नाही. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली.

"...मी!" काका म्हणाले.

गळ्यावरचं फडकं एकदा फुरफुरलं. मग क्षणभर काहीच नाही. मग अण्णांचे खांदे हलू लागले, पोट हलू लागलं, पटावरचे मोहरे थरथरून आडवे झाले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तोंड सताड उघडं होतं आणि खोलीत आवाज नव्हता. हात यंत्राकडे गेला, पण त्यात हसता येत नाही. तो तसाच मागे आला आणि काकांच्या गुडघ्यावर आपटत राहिला.

काका कान देऊन बसले होते.

"ऐकू आलं," ते म्हणाले, आणि पडलेले मोहरे उभे करू लागले.